नेम पक्का, तरी छर्रा भलतीकडे : एका आक्षेपाला उत्तर

आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. इंग्लंडमध्ये एअर रायफलने, म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा सोडणाऱ्या बंदुकीने, सशांची शिकार करतात, त्यावरील लेखात मी म्हटले होते की छर्रा नेमका कोठे लागेल हे शिकाऱ्यालाही खात्रीने सांगता येत नाही. आपला आक्षेप असा, की आपण ३० मीटरवरील कागदावर रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत दहाही छर्रे बसवता, त्यामुळे ‘अनिश्चितता’ हा कच्च्या नेमबाजाचा बहाणा आहे.

आपल्या नेमाबद्दल मला शंका नाही. परंतु कागदापर्यंतचे अंतर मोजलेले असते आणि कागद मान वळवत नाही. तिकडे विनापरवाना एअर रायफलच्या छर्ऱ्याला १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६ जूल, एवढ्याच ऊर्जेची मुभा आहे. साडेपाच मिलिमीटर व्यासाचा, साधारण एक ग्रॅमचा छर्रा त्यामुळे सेकंदाला जेमतेम १७५ मीटर वेगाने सुटतो आणि ३० मीटर कापायला त्याला सेकंदाचा जवळजवळ पाचवा हिस्सा लागतो. आवाज त्याच्या निम्म्या वेळात पोचतो. म्हणजे सशाच्या कानी बार आधी पडतो, छर्रा मागाहून येतो, आणि तेवढ्या अवधीत त्याने डोके खाली घातले तर आपल्या गणिताने काय करावे?

अंतराचेही तसेच. रायफलवरच्या दुर्बिणीचा नेम ३० मीटरला जुळवलेला असताना ससा प्रत्यक्षात ३५ मीटरवर बसला असेल, तर छर्रा सुमारे तीन सेंटीमीटर खाली लागतो. गवताच्या उतारावर पाच मीटरची चूक सहज होते, आणि सशाच्या डोक्यातील प्राणघातक जागा तर अडीच-तीन सेंटीमीटरचीच असते. त्यात कडेने वाहणारी मंद झुळूक छर्ऱ्याला आणखी दोन सेंटीमीटर ढकलते. नेम डोक्यावर धरलेला असतो, जखम जबड्याला होते आणि ससा बिळात शिरतो. तिथून तो हाती लागत नाही.

लागल्यानंतरचा प्रश्न तर मी लेखात पुरता मांडलाच नव्हता. मऊ शिशाचा छर्रा कवटीला तिरका लागला तर आत न शिरता हाडावरून घसरू शकतो. रानकबुतराची अन्नपिशवी धान्याने गच्च भरलेली असली, की समोरून छातीवर मारलेला छर्रा त्या धान्यातच अडकल्याचे तिकडचे शिकारी सांगतात.

एका बाबतीत मात्र आपण मला पकडलेत. लेखात मी ‘नशीब’ हा शब्द वापरला होता, तो ढिसाळ होता. तो काढून तेथे ‘न मोजलेले अंतर, वारा आणि जनावराची हालचाल’ असे घातले आहे.