लाटेची किंमत काढावी कशी?

तुमच्या भिंतीवर फूजी पर्वत, करकोचे, चेरीची फांदी किंवा निळी लाट असलेलं जपानी धाटणीचं चित्र आलं असेल, तर किंमत काढण्यात स्वतःचा वेळ घालवू नका. ज्या नातेवाइकाने पुण्यात जपानीच्या दोन परीक्षा दिल्यात, त्याला रविवारी जेवायला बोलवा आणि मसालेभाताचा दुसरा घास तोंडात गेला की विचारा. भरल्या तोंडी माणूस नाही म्हणत नाही. (गेल्या रविवारी तो नातेवाईक मी होतो.)

चिनी की जपानी, हा प्रश्न गौण. दुकानदार म्हणेल ते.

हात फिरवून बघा. खरखरीत लागलं की हाताने काढलेलं. छापील कॅनव्हासवर पारदर्शक जेलचे फराटे मारतात, असं कुणी सांगितलंच तर तो जळतोय.

चित्रात मासे असतील तर मोजा. नऊ भरले की भाव दुप्पट.

भिंग मात्र घरात ठेवू नका, त्यातून छपाईचे रंगीत ठिपके दिसतात.

आता लाट. आमच्या दादांची ऑनलाइन आली, १,४९९ रुपयांत, पाच पट्ट्यांची, पाच फूट रुंद. जपानी चित्रकार होकुसाईची मूळ लाट साधारण १८३१ ची, लाकडी ठशांनी कागदावर छापलेली, जेमतेम २५ बाय ३७ सेंटीमीटर. एवढ्याशा चित्राला कोण विचारतो म्हणा! तिची एक प्रत २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात २७ लाख डॉलरांच्या वर गेली, ते रील दादांनी मला तीनदा दाखवलं. "मग आपलीचे लाखभर तरी?" मी भिंतीकडे बघितलं. मूळ लाट डावीकडून उठते, यांची उजवीकडून. चित्रच उलटं छापलंय! फूजी दोन पट्ट्यांच्या फटीत गेलाय. तीन होड्यांपैकी एक मधोमध कापलीय, अर्धे नावाडी इकडे, अर्धे तिकडे. सहीची अक्षरं आरशातली, आणि दादा म्हणतात, "वाच ना रे, खरी आहे ना सही?" काय वाचू, कपाळ? खरं ते सांगितलं, तर वहिनी म्हणाल्या, "भावजींना दुसऱ्याचं चांगलं बघवतच नाही." मठ्ठा आलाच नाही.

अहो, छापील असण्यात कमीपणा कसला? होकुसाईची लाटसुद्धा हजारोंनी छापून विकायलाच काढली होती. नूडल्सच्या दोनेक वाडग्यांच्या भावात मिळायची. एडोतल्या (म्हणजे आजच्या टोकियोतल्या) माणसाने आवडली म्हणून घेतली, संपलं. तुम्हालाही सोफ्याला जुळणारा निळा हवा होता ना? मग तसं सांगा की सरळ! पंधराशेची वस्तू आणायची, पाहुण्यांपुढे अनमोल ठेवा म्हणून मिरवायची, आणि खोटेपणावर शिक्का मारायला मला बोलवायचं? लाज नाही वाटत? लाख सोडा, पंधराशेही येणार नाहीत. पावसाळ्याआधीच एमडीएफचे, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीचे, कोपरे फुगलेत, भंगारवालाही हात लावणार नाही. उतरवायची नसेल तर समोरच्या भिंतीवर आरसा टांगा. त्यात तरी लाट डावीकडून येईल.