जनुकांच्या गोष्टी गावाकडे कशाला? निपाणीच्या वाचकांना उत्तर

दादा,

आतड्याच्या कॅन्सरमधलं जीन एक्सप्रेशन, म्हणजे गाठीतली कुठली जनुकं चालू आणि कुठली बंद, यावरच्या माझ्या मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, "भावाला कित्येक महिने मूळव्याधीचं औषध चालू होतं. दुर्बीण घातली तेव्हा गाठ मोठी झाली होती. आमच्याकडे कोलोनोस्कोपीसाठी बेळगाव नाहीतर कोल्हापूर गाठावं लागतं, आणि तुम्ही जीन एक्सप्रेशन सांगत बसलाय. हे पैसेवाल्यांचे चोचले."

राग रास्त आहे. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या शौचातून रक्त जात असेल किंवा कारण नसताना हिमोग्लोबिन उतरत असेल, तर मोड दिसले तरी कोलोनोस्कोपी झालीच पाहिजे. मोड आणि गाठ एकाच माणसाला असू शकतात.

पण चोचले हा शब्द मला मान्य नाही. गाठीतल्या १२ जनुकांचा आरएनए (जनुक किती चालू आहे हे दाखवणारी त्याची प्रत) मोजून, त्यातली ५ फक्त तुलनेसाठी, कॅन्सर परतायचा धोका सांगणारी चाचणी आहे. ती महाग आहे आणि केमोचा फायदा होईल का, हे काही ती सांगत नाही. तिच्यासाठी कुणी शेत गहाण टाकू नये. इथवर मी तुमच्याच बाजूची आहे.

आता पुढचं. आतड्याच्या आणि डोळ्याच्या पेशीत जनुकं तीच असतात. कुठली चालू आणि कुठली बंद, यावर पेशीचं काम ठरतं. सीडीएक्स२ हे जनुक आतड्याच्या पेशीला आतड्याची ओळख देतं. काही गाठींत ते बंद पडलेलं असतं. संशोधकांनी जीन एक्सप्रेशनच्या साठवलेल्या माहितीचे ढीग चाळून ही खूण शोधली आणि २०१६ साली मांडली. दुसऱ्या स्टेजच्या एका गटात सीडीएक्स२ चालू असलेले ८७ टक्के रुग्ण पाच वर्षं रोगमुक्त राहिले, बंद असलेले ४९ टक्के. बंद गटातले रुग्ण मोजकेच होते, म्हणून एवढ्यावरच केमो ठरवू नये. तरी बघा, शोध लागला मोठ्या यंत्रांवर आणि तपासायला लागतो एक साधा रंग. पेशीत एखादं प्रथिन आहे की नाही हे दाखवणाऱ्या या रंगाला पॅथॉलॉजीत आम्ही आयएचसी म्हणतो. ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीच्या ब्लॉकवरच, म्हणजे मेणात जपलेल्या तुकड्यावरच तो होतो. रुग्णाला पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

त्याच पद्धतीने एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही चार प्रथिनंही बघता येतात. माझा खरा आग्रह या चारांसाठी आहे. डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका ही दुरुस्त करतात. आतड्याच्या शंभरातल्या साधारण पंधरा कॅन्सरमध्ये ही दुरुस्ती बंद असते. दुसऱ्या स्टेजला अशी गाठ निघाली तर कॅन्सर परतायचा धोका कमी असतो, आणि फाइव्ह-एफयू हे केमोचं औषध एकटं दिलं तर त्याचा त्यात उपयोग दिसत नाही. म्हणजे केमो टळू शकते. खानापूरच्या आतल्या गावातून एसटीने केमोच्या वाऱ्या करणारी माणसं मी बघते. त्यांच्यासाठी ही चाचणी चैन नाही.

तुमच्या बाबतीत त्याहून महत्त्वाचं म्हणजे भाऊ पन्नाशीच्या आतला आहे. एमएसएच२ नाहीसं दिसलं तर दोष बहुधा घराण्यातून आलेला असतो. एमएलएच१ नाहीसं असेल तर आधी बीआरएएफ या दुसऱ्या जनुकाची तपासणी करतात, कारण उतारवयात ते आनुवंशिकता नसतानाही बंद पडतं. दोष घराण्यातला निघाला तर ज्या भावंडा-मुलांकडे तो आलाय त्यांची कोलोनोस्कोपी विशी-पंचविशीतच सुरू करतात आणि दर एक-दोन वर्षांनी करतात.

ऑपरेशन जिथे झालं तिथे ब्लॉक जपून ठेवलेला असतो. डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सी नंबर घेऊन जा, ब्लॉक लेखी अर्ज करून मागा. रिपोर्टमध्ये लिम्फ नोड (आतड्याजवळच्या लसिका ग्रंथी) किती तपासले तेही बघा; १२ पेक्षा कमी असतील तर स्टेज नक्की धरता येत नाही, ते सर्जनना विचारा. आणि भावाचं कॅन्सर निदान ज्या वयात झालं, त्याच्या दहा वर्षं आधीचं वय किंवा चाळिशी, यातलं जे आधी येईल, त्या वयापासून तुमची स्वतःची कोलोनोस्कोपी व्हायला हवी. चार प्रथिनांचा निकाल येईपर्यंतही ती थांबवू नका.