केळ्याने सेल उतरत नाही

‘प्रत्येक आईने वाचावे : लहान मुलांच्या सुरक्षेचे आठ रामबाण उपाय’ असा एक मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. खाली ‘एका ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेले’ एवढंच लिहिलंय. तज्ज्ञांचं नाव नाही, गाव नाही. शेजारच्या काकूंनी पाठवला, मुलीच्या बालवाडीच्या ग्रुपवर आला, तोवर मी गप्प होते. मग नणंदेने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि सासूबाईंनी त्याखाली लिहिलं, ‘छान माहिती, जपून ठेवली.’ नणंदेचा मुलगा सव्वा वर्षाचा आहे. हाताला लागेल ते तोंडात घालायचं त्याचं वय. ही जपून ठेवलेली माहिती कुणी खरंच वापरली तर काय होईल ते मला ठाऊक आहे, कारण मी एक्स-रे काढायचं काम करते.

आठही मुद्द्यांना सारखा वेळ देणार नाही. ज्याने जीव जाईल तो आधी घेते.

मेसेजमधलं तिसरं वाक्य असं : ‘मुलाने नाणे किंवा छोटा सेल गिळला तर घाबरू नये. दोन पिकलेली केळी खाऊ घालावीत. एक-दोन दिवसांत शीवाटे आपोआप पडून जाते.’

नाणं आणि सेल एका ओळीत लिहिणाऱ्याला सेल म्हणजे काय तेच माहीत नाही. नाणं हा धातूचा निर्जीव तुकडा. सेलमध्ये वीज असते. रुपयाच्या नाण्याएवढा तो चपटा, चकचकीत सेल, ज्यावर बहुतेक वेळा २०३२ असा आकडा असतो, तो २० मिलिमीटर रुंद असतो आणि लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो. तिथे तो ओल्या मांसाला दोन्ही बाजूंनी टेकतो, वीज वाहू लागते आणि सेलच्या ऋण बाजूला कॉस्टिक सोड्याच्या जातीचा क्षार तयार होत राहतो. त्या क्षाराने अन्ननलिका आतून जळते. यासाठी सेल फुटावा लागत नाही, गळावाही लागत नाही. रिमोट चालेनासा झाला म्हणून काढून टाकलेल्या ‘संपलेल्या’ सेलमध्येही एवढं जाळायला पुरेशी वीज उरलेली असते.

गंभीर इजा व्हायला दोन तास पुरतात. मेसेज दोन दिवस थांबायला सांगतो.

आणि या दोन तासांत मूल धड रडेलच असं नाही. कुणी गिळताना पाहिलं नसेल तर सुरुवातीला काही कळतच नाही. लाळ जास्त गळते, खोकला येतो, मूल खायला नको म्हणतं, एखादी उलटी होते. घरच्यांना वाटतं सर्दी झाली, दात येताहेत. अन्ननलिकेच्या पुढच्या बाजूला श्वासनलिका असते आणि जवळूनच हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी जाते. जळत जळत भोक तिथवर पोचलं तर रक्तस्राव होतो, आणि सेल काढून झाल्यावर काही दिवसांनीसुद्धा तो होऊ शकतो. मुलाची शी काडीने चाळत बसलेले पालक मी पाहिलेत. त्यांचा राग येत नाही. त्यांना तसं करायला ज्याने सांगितलं, त्याचा येतो.

आमच्याकडे मूल आलं की गळ्यापासून पोटापर्यंतचा फोटो काढतात, समोरून आणि बाजूने. समोरून नाणं सगळीकडे सारखं पांढरं दिसतं. सेलच्या कडेला आत आणखी एक वर्तुळ दिसतं आणि बाजूच्या फोटोत पायरी दिसते. ती दुहेरी कड दिसली की धावपळ सुरू होते, कारण सेल अन्ननलिकेत असेल तर तो दुर्बिणीने लगेच काढावा लागतो. दुर्बिणीसाठी भूल द्यावी लागते आणि भूल द्यायची तर पोट रिकामं हवं. केळ्याने सेल खाली सरकत नाही. वर पोट भरल्यामुळे डॉक्टरांचं काम अवघड होतं. उलटी करवायचा प्रयत्नही करायचा नाही.

आता मेसेजमध्ये अर्धं खरं काय आहे तेही सांगते, नाहीतर कुणीतरी विचारणारच. नाणं पोटात उतरलं असेल तर ते बहुतेक वेळा आपोआप पडतं, हे बरोबर आहे. सेलही पोटात पोचलेला असेल तर डॉक्टर कधी कधी लक्ष ठेवून वाट पाहतात. पण तो पोटात पोचलाय की गळ्याखाली अडकलाय, हे फोटो काढल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. आईला नाही, आजीला नाही, मलाही नाही.

घरचा एकच उपाय असा आहे, ज्याला खरा आधार आहे, आणि तो नेमका या मेसेजमध्ये नाही : मध. अमेरिकेतलं ‘नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटर’ गिळलेल्या सेलसाठी वेगळी हेल्पलाइन चालवतं आणि डॉक्टरांसाठी उपचारांची पद्धत प्रसिद्ध करतं. त्यांचं म्हणणं असं. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास उलटले नसतील, तर दवाखान्याच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधामुळे जळण्याचा वेग कमी होतो, सेल बाहेर येत नाही. म्हणून मध शोधायला थांबायचं नाही; घरात असेल तर बाटली उचलायची आणि निघायचं. त्याखेरीज फोटो निघेपर्यंत काहीही खायला-प्यायला द्यायचं नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध अजिबात नाही, सेल गिळला असला तरी नाही आणि एरवीही नाही, कारण मधातल्या जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. जन्मल्याबरोबर मध चाटवायची आपल्याकडची रीत याच कारणासाठी थांबायला हवी. हे लिहिलं की घरातल्या मोठ्यांना वाईट वाटतं, तरी लिहिते.

सेल नाकात किंवा कानात गेला तरी तितकीच घाई करायची. ड्रॉप्स टाकायचे नाहीत, पिनेने उकरायचं नाही.

हे सेल असतात कुठे? गाडीच्या चावीत, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात, ताप बघायच्या थर्मामीटरमध्ये, गाणं म्हणणाऱ्या खेळण्यात, लुकलुकणाऱ्या राखीत. दिवाळीत ओळीने मांडलेल्या त्या प्लास्टिकच्या पणत्यांमध्येही असतात, आणि त्यांचं खालचं झाकण नखाने उघडतं. ज्या वस्तूच्या झाकणाला स्क्रू नाही ती मुलाच्या हातात द्यायची नाही. तूर्तास चिकटपट्टीने झाकण गुंडाळून ठेवा. जुना सेल काढलात तर त्यालाही दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून लगेच घराबाहेर टाका. टीव्हीवर ‘नंतर बघू’ म्हणून ठेवू नका.

मेसेजमधला पहिला मुद्दाही असाच जिवावरचा आहे : ‘मुलाने रॉकेल, फिनेल किंवा औषध प्यायल्यास कोमट पाण्यात दोन चमचे मीठ घालून पाजावे व उलटी करवावी.’ रॉकेल पोटापेक्षा फुफ्फुसात जास्त घातक असतं. उलटी करवली की ते वर येतं, श्वासनलिकेत उतरतं आणि फुफ्फुसाला सूज येते. संडास धुवायचं अ‍ॅसिड प्यायलेलं मूल उलटी करतं तेव्हा आधी भाजलेला घसा पुन्हा भाजतो. आणि एवढं मीठ सव्वा वर्षाच्या मुलाच्या रक्तात गेलं तर मेंदूला सूज येऊन फिट येऊ शकतात. मिठाच्या पाण्यानेच जीव गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. काय प्यायलं ती बाटली बरोबर घ्या आणि निघा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषमाहिती केंद्र आहे, ते चोवीस तास फोन घेतं : १८०० ११६ ११७. हा नंबर फ्रिजवर लिहून ठेवण्यासारखा आहे. आणि रॉकेल, थिनर, फिनेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवणं आधी बंद करा. मुलाला बाटली ओळखता येते, आतला पदार्थ नाही.

‘डोळ्यात चुना गेल्यास साजूक तूप सोडावे.’ नाही. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुलं दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांना हे चांगलं परिचयाचं आहे. चुना हाही क्षारच, बुबुळाच्या आत शिरत जाणारा. तूप, दूध, एरंडेल काही नको. साधं स्वच्छ पाणी, पापण्या उघड्या धरून, सतत वीस मिनिटं तरी, मूल कितीही आक्रोश करो. मग तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. घरात कुणी तंबाखू खात असेल तर त्यांची चंची खुंटीवर उंच टांगा. आजोबांना राग आला तर येऊ दे.

भाजल्यावर टूथपेस्ट नको, हळद नको, शाई नको, बर्फही नको. वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, वरून स्वच्छ कापड. घशात काही अडकलं तर दिसत नसताना बोट घालून चाचपायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं धरून, डोकं खाली ठेवून, पाठीवर पाच थापा द्यायच्या आणि मग उताणं करून छातीवर पाच दाब. हे वाचून नीट येत नाही, लसीकरणाला जाल तेव्हा तिथल्या सिस्टरांना करून दाखवायला सांगा. बादलीत पाणी भरून ठेवू नये हा मेसेजचा सल्ला मात्र पूर्णपणे योग्य आहे. रांगतं मूल चार बोटं पाण्यातही बुडतं.

सातव्या मुद्द्यापाशी मी पुन्हा थांबणार आहे. ‘मुलांना अनोळखी माणसांपासून दूर ठेवा. घरात आणि नात्यात मूल सुरक्षितच असते. परिसरात संशयित व्यक्ती दिसल्यास तिचा फोटो लगेच सर्व ग्रुपवर टाका.’

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्याने २००७ साली तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून अहवाल काढला. त्यात ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. छळ करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगतील कसे? आपणच त्यांना सांगतो की घरात भीती नसते, मोठ्यांचं ऐकायचं, काकांना पापी दे, लाजतोस काय. नको म्हणणाऱ्या मुलाला कुणाच्याही मांडीवर ढकलू नका, मग तो सख्खा मामा का असेना. शरीराच्या भागांची नावं नीट शिकवा, आणि ‘आईला सांगायचं नाही’ असं जो म्हणेल त्याचं आधी येऊन सांगायचं, हे तीन वर्षांच्या मुलालाही कळतं. मुलाने काही सांगितलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे, आणि त्यानुसार माहिती असून पोलिसांना न कळवणं हा गुन्हा आहे. ‘घरातली गोष्ट घरात’ हा पर्याय कायद्यातही नाही.

संशयिताचा फोटो ग्रुपवर टाकायचा? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले. त्यांच्यातला एक जण बाजारात एका लहान मुलीशी बोलला एवढं निमित्त झालं, कारण मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्याआधी घरोघर पोचले होते. त्या काळात देशभर फिरलेला, मोटारसायकलवरून मूल उचलून नेण्याचा तो व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेचा जनजागृतीचा होता. मूल परत आणून ठेवण्याचा आणि पाटी दाखवण्याचा शेवट कुणीतरी कापून टाकला होता. संशय आला तर पोलिसांना बोलवायला ११२ नंबर आहे. ग्रुपवर फोटो टाकून एकाही मुलाचं रक्षण होत नाही आणि माणसं मात्र मरतात. हे आपल्याच राज्यात घडून गेलंय.

शेवटचा मुद्दा : ‘मोबाइलवर फक्त लहान मुलांचे ॲप ठेवा, मग निर्धास्तपणे फोन देता येतो.’ तसं ॲप नसण्यापेक्षा असलेलं बरं, एवढंच मान्य. पण २०१७ साली यूट्यूबच्या मुलांसाठीच्या ॲपमध्येही ओळखीच्या कार्टूनच्या वेशातले हिंसक, किळसवाणे व्हिडिओ सापडले होते आणि कंपनीला ते हटवावे लागले. गाळणी मशीन लावतं, त्यातून काही ना काही निसटतंच. जेवू घालताना फोन हातात देऊन आपण ओट्याकडे वळतो, त्या वेळात काय लागलं ते आपल्याला दिसत नाही. फोन बैठकीतच, आवाज सुरू, कानात काही नाही आणि आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद, एवढं तरी करा. मूल गेम खेळू लागलं की त्या गेममध्ये अनोळखी माणसाला चॅट करता येतं का ते स्वतः खेळून बघा, आणि येत असेल तर ते बंद करा. कुणी मुलाकडे फोटो मागितला तर मुलाला रागवू नका आणि चॅट पुसून टाकू नका, तोच पुरावा असतो. मुलाचे तसले फोटो दाखवायला म्हणूनसुद्धा कुणाला पुढे पाठवू नका. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही करता येते.

नणंदेने मेसेज काढून टाकलाय. सासूबाईंच्या फोनमध्ये तो अजून आहे, रविवारी गेले की मीच पुसते आणि एम्सचा नंबर त्यांच्या फ्रिजवर चिकटवते.