परभणी ते लेह, मार्गे पितृपक्ष

परभणीची उंची समुद्रसपाटीपासून फार तर चारशे मीटर. लेहची साडेतीन हजार. म्हणजे सरळ तीन किलोमीटरची चढण. पण ही चढण मला अवघड वाटत नाही. तिथं रस्ता आहे, आणि तो राखायला सीमा सडक संघटना आहे. अवघड घाट लागतो तो आमच्या बैठकीत. अण्णा, आई, आत्या, ताई, दाजी आणि लेकरं असे सगळे एका सतरंजीवर बसले की कुठलाही बेत पहिल्याच वळणावर गरम होऊन थांबतो.

पहिलं वळण तारखेचं. लडाखचे रस्ते मे-जूनमध्ये बर्फ उपसला की नीट चालू होतात आणि ऑक्टोबर सरता सरता पुन्हा बिनभरवशाचे होतात. तेवढ्यात आपली जागा शोधायची.

"मेमध्ये निघू," मी म्हटलं. आत्यानं उत्तर दिलं नाही. टीव्हीमागं खोचलेला लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढून माझ्यापुढं ठेवला. सगळ्यांना हळदीकुंकवाची बोटं लागलेली, सगळ्यांवर 'आग्रहाचे'. एक जिंतूरचं, एक सेलूचं, एका पत्रिकेवर तर आमच्या अण्णांचंच नाव प्रेषकांत. मे संपला.

"मग जून?"

अण्णांनी चष्मा काढला. "मिरग निघायला अन् तुला बरफ बघायचाय?"

जुलैत पाऊस. तो इकडं पडला तर दुबार पेरणी टळते, तिकडं पडला तर दरड कोसळते. त्यात आषाढी, म्हणजे आई पंढरपूरला. ऑगस्टात श्रावण. उपास करून उंचावर गेलं की चक्कर येते, असा वैद्यकीय सल्ला आत्यानं परस्पर देऊन टाकला. पुढं पोळा. सप्टेंबरात लडाखचं आभाळ निवळतं, गर्दी ओसरते, खरा हंगाम तो. पण सप्टेंबरात महालक्ष्म्या. मुखवटे, सोळा भाज्या, पुरण, सवाष्णी. "महालक्ष्म्या काय कुलूप लावून बसवायच्या?" या प्रश्नाला मराठवाड्यात उत्तर नाही. त्यांच्यामागं नवरात्र, घट बसले की आई उंबरा ओलांडत नाही. दसऱ्याच्या आगंमागं सोयाबीन, तेव्हा मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर मालकाला हलू देत नाहीत.

राहिले डिसेंबर-जानेवारी. तेव्हा लेहचा पारा शून्याच्या पंधरा-पंधरा अंश खाली जातो.

तोंड उघडलं ते दाजींनी. आमचे दाजी सहसा जेवणापुरतंच तोंड उघडतात. म्हणाले, "महालक्ष्म्या अन् घट यांच्यात पितृपक्ष असतो की."

"पितृपक्षात शुभ कार्य करत नाहीत," आत्या.

"सहल कुठं शुभ कार्य आहे? ह्यांच्याबरोबर तर अजिबातच नाही."

हा युक्तिवाद कुणालाच खोडता आला नाही. आजोबांची तिथी यंदा चुलत्यांकडं करायची ठरली, अण्णांनी सोयाबीन "बघू, पाऊस लांबला तर काढणीबी लांबंल" या बोलीवर सोडलं, आणि आम्ही लडाखच्या ऐन हंगामात निघणारे, अमंगळ मुहूर्ताचे प्रवासी झालो.

मग रस्ता. मनालीकडून गेलं तर वाटेत मुक्कामाला सरचू, आणि सरचूच लेहपेक्षा साताठशे मीटर उंच. म्हणजे अंगाला सवय व्हायच्या आधीच रात्र काढायची. श्रीनगरकडून चढ हळूहळू येतो: जोजिला (तिकडं 'ला' म्हणजे खिंड) साधारण साडेतीन हजार मीटर, मग उतरून कारगिल, मग फोटुला चार हजारांवर, मग लेह. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर हाच रस्ता बरा, असं माझं मत. दाजींना मात्र उमलिंग ला पाहिजे होतं, १९,०२४ फूट, गाडीच्या रस्त्यांत जगात सगळ्यात उंच म्हणून २०२१ मध्ये विक्रमाची नोंद झालेलं. त्यांना खारदुंग ला वर राजी केलं. तिथल्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं आणि उपग्रहाच्या मोजणीत ते साडेसतरा हजारांच्या आसपास भरतं, हे मी सांगितल्यावर अण्णांना पहिल्यांदाच या सहलीत रस वाटला. "सातबाऱ्यावर एक अन् बांधावर दुसरंच. सरकारी मोजणी आणायला पायजे होती," म्हणाले. त्यानंतर ते दर येणाऱ्याला खारदुंग ला चा वाद सांगू लागले, जणू पलीकडचा धुरा आमचाच आहे.

पण खरं भांडण पेटलं ते विश्रांतीवरून. लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस काही करायचं नाही, फिरायचं नाही, पडून राहायचं, असं मी वहीत लिहिलं होतं. ते ताईनं मोठ्यानं वाचलं.

"म्हणजे अडीच हजार किलोमीटर जायचं अन् झोपायचं?" आई.

"हवा विरळ असते. तिथं तीन श्वास घेतले की इथल्या दोनच श्वासांचा ऑक्सिजन मिळतो. अंगाला सवय व्हावी लागते. नाहीतर डोकं दुखतं, उलट्या होतात, फुफ्फुसात पाणी होऊ शकतं."

"अन् खोलीचं भाडं?"

"ते द्यावंच लागतं."

"झोपायचे पैसे!" आईनं हे अशा आवाजात म्हटलं की शेजारच्या काकू खिडकीत आल्या. पुढचा आठवडाभर गल्लीत हाच विषय. भाजीवालीसुद्धा विचारून गेली, "दादा, तुमी पैशे देऊन झोपायला चाललाव म्हणं?" आमच्याकडं उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसला टेकला की अख्खं गाव दुपारी फुकट झोपतं. तो हक्क विकत घ्यावा लागतो ही कल्पनाच इथल्या माणसाला पटत नाही.

शेवटी डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी अण्णांचं बीपी बघितलं, आईची ईसीजी काढली, उंचीचा त्रास टाळायची डायमॉक्सची गोळी द्यायची की नाही हे ठरवण्याआधी सल्फाची ॲलर्जी विचारली, आणि विश्रांतीवर ठाम राहिले. शिवाय सुरुवातीला दारू अजिबात नको, असं विनाकारण दाजींकडं बघून सांगितलं. दाजी घरी येईपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "माझ्याकडं बघून का म्हणाले?" ताईनं गाडीचा दरवाजा जरा जोरात लावला.

मोबाइलचं एका संध्याकाळी उरकलं. बाहेरची प्रीपेड सिमं लडाखात चालत नाहीत, म्हणून एक पोस्टपेड घेतलं. आता सगळ्या घराला एकच फोन, आणि तो आत्याकडं, कारण भजनी मंडळाचा ग्रुप पंधरा दिवस बंद ठेवणं तिला मंजूर नव्हतं.

मग उंचावर पाणी लवकर उकळतं हे मीच सांगितलं, आणि स्वयंपाकघर जागं झालं. लेहला पाणी अठ्ठ्याऐंशी अंशाच्या आसपासच उकळतं. म्हणजे उघड्या पातेल्यात तुरीचं वरण कितीही खदखदलं तरी डाळ दाताखाली कचकचणार.

"मंग ती माणसं खातेत काय?"

"थुक्पा, मोमो. आणि कुकर वापरतात."

"मंग आपण न्यायचा," आत्या म्हणाली, आणि पाच लिटरचा कुकर, जुनी शिट्टी, नवी शिट्टी, दोन रिंगा असा ऐवज पिशवीत गेला. त्यापाठोपाठ येसर, शेंगदाण्याची चटणी, धपाट्यांचं पीठ, ठेचा. येसर नेण्यात मात्र अक्कल आहे हे मान्य करतो. पीठ आधीच भाजलेलं असतं, अठ्ठ्याऐंशी अंशांतही आमटी होते.

काल सामान भरून बघितलं. गाडीची डिकी लागेना. दाजींनी मागवलेले ऑक्सिजनचे डबे हातात घेऊन मी उभा, आणि कुकर नेमका त्यांच्या जागेवर.

"हे कुठं ठेवायचे?"

आत्यानं डिकीत वाकून बघितलं, कुकरचं झाकण एकदा दाबून पाहिलं.

"वर कॅरियरला बांध," म्हणाली. "ते काय रोज लागायलंय?"