‘कागद रस्त्यावर धावत नाहीत’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

विंटेज गाडीचा पहिला नट खोलण्याआधी तिचा इतिहास शोधावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तिच्यात राग आहे, पण तो गाडीच्या काळजीपोटी आहे. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला योग्य वाटलं नाही.

तुमचे आक्षेप थोडक्यात असे: गाडी गंजत उभी असताना जुन्या नोंदी धुंडाळत बसणं म्हणजे वेळ दवडणं आहे. मूळ नंबर, मूळ रंग वगैरे सगळं लिलावात भाव चढवण्यासाठी असतं. कागद रस्त्यावर धावत नाहीत, गाडी धावते. आणि तुमच्या स्वतःच्या गाडीतलं इंजिनच मूळचं नाही, मग तिला कसला आलाय इतिहास?

आधी गंजाचं बोलू. गंज कोणासाठी थांबत नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण गंज रोखणं वेगळं आणि रिस्टोरेशन, म्हणजे गाडी खोलून पुन्हा जुन्या रूपात उभी करणं, वेगळं. गाडी कोरड्या, हवेशीर जागी घ्या, टाकीतलं जुनं पेट्रोल आणि रेडिएटरमधलं पाणी काढा, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, उंदरांचा बंदोबस्त करा. एवढ्याने पडझड बरीच आटोक्यात येते, आणि यातल्या कशानेही पुरावा पुसला जात नाही. फिवा या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेतही जतन आणि रिस्टोरेशन यांचा वेगवेगळा विचार केलेला आहे. पुरावा पुसला जातो तो सँडब्लास्टिंगने (वाळूचा मारा करून रंग-गंज उडवण्याने), ग्राइंडरने आणि ‘हे सगळं कुजलंय, टाकून द्या’ या एका वाक्याने.

आता कागदांचं. कागद महत्त्वाचे आहेत, पण इतिहासाचं सर्वांत मोठं दप्तर गाडी स्वतः असते, आणि ते एकदाच वाचता येतं. रिस्टोरेशन सुरू झालं की त्याची पानं एकेक करून नाहीशी होतात. माझा सगळा आग्रह आहे तो एवढ्यासाठीच.

रंगाचंच घ्या. डॅशबोर्डच्या खाली, दाराच्या बिजागरीमागे, नंबरप्लेटच्या किंवा दिव्याच्या ब्रॅकेटच्या आड जुना रंग बहुतेक वेळा टिकून असतो. तिथे बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून नखाएवढी जागा हलक्या हाताने घासली, तर रंगाचे थर कडेकडेने वर्तुळांसारखे उघडे पडतात. सगळ्यांत आतला प्रायमर, त्यावर पहिला रंग, मग नंतरच्या मालकांचे रंग. थर कोणत्या जातीचा आहे, यावरूनही काळ कळतो. १९२३-२४ च्या सुमारास नायट्रोसेल्युलोजचे झटपट वाळणारे ‘ड्यूको’ रंग गाड्यांवर आले. त्याआधी रंग आणि व्हार्निशचे हात ब्रशने देत, आणि एकेका गाडीला त्यात आठवडेच्या आठवडे जात. म्हणजे १९२० च्या गाडीवर फवारलेला सेल्युलोजचा थर मिळाला, तर तो पहिला असू शकत नाही. त्याच्या खाली आणखी काही आहे का, ते बघायला हवं.

जुना फोटो पाहून रंग ठरवू, असं अनेक जण म्हणतात. त्यांना मी नेहमी सावध करतो. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नसे. लाल गाडी तिच्यावर काळी येई आणि निळी गाडी फिकट, कधीकधी पांढुरकी. फोटोत काळी दिसते म्हणून गाडी काळी रंगवली आणि तिचा गडद लाल रंग कायमचा गेला, असं सहज होऊ शकतं. पत्र्यावरचा नखाएवढा ठिपका फोटोपेक्षा जास्त भरवशाचा.

धातूचा मुलामाही असाच बोलतो. क्रोमचा मुलामा गाड्यांवर रुळला तो १९२० च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी निकेल असायचं, त्याची झाक किंचित पिवळसर, उबदार. १९२४ च्या गाडीचे दिवे क्रोमने लखलखत असतील, तर कोणीतरी नंतर हात फिरवलेला आहे.

लाकडाबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त पुरावा तिथेच फेकला जातो. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांच्या मधल्या काळात महागड्या गाड्यांचे अनेक कारखाने फक्त चालती चासी, म्हणजे इंजिन आणि चाकं बसवलेला सांगाडा, विकत. बॉडी कोचबिल्डरकडून, म्हणजे गाड्यांच्या बॉडी बांधणाऱ्या वेगळ्या कारखान्याकडून, बांधून घ्यायची. रोल्स-रॉइसने कारखान्याच्या स्वतःच्या बॉडीची गाडी दिली ती १९४९ ची सिल्व्हर डॉन. त्यामुळे कारखान्याच्या नोंदीत बॉडीबद्दल फार तर चासी कोणाकडे धाडली एवढंच मिळतं, आणि कोचबिल्डरांची दप्तरं बरीचशी नष्ट झालेली आहेत. उरतं ते बॉडीच्या आतलं लाकूड. कामगार दाराच्या चौकटीवर, सीटच्या तळाशी, आतल्या अस्तराच्या मागच्या फळीवर पेन्सिलने किंवा ठशाने बॉडीचा नंबर घालत, म्हणजे एकाचं दार दुसऱ्या बॉडीला लागू नये. ते लाकूड कुजलेलं असतं म्हणून पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातं, आणि बॉडीचा बहुतेक वेळा एकमेव उरलेला साक्षीदार त्याच्याबरोबर जातो.

भावाबद्दल. इतिहासाने किंमत वाढते, हे मी नाकारत नाही. म्हणूनच तर खोटे इतिहासही तयार होतात. गाडीचा नंबर लिहिलेली पितळी पट्टी दोन स्क्रूंवर असते, ती कोणीही दुसऱ्या गाडीवर लावू शकतो. चासीच्या पोलादात ठोकलेला नंबर बदलणं अवघड. बुगाटीसारख्या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल यांना आपापले वेगळे नंबर असतात. ते सगळे कारखान्याच्या वहीशी ताडून पाहिले की गाडी किती एकसंध आहे, हे उमगतं. ज्याला गाडी कधीच विकायची नाही, त्यालाही आपण नक्की कशावर आयुष्याची कमाई लावतोय, हे माहीत असायला हवं.

आणि आता तुमचं इंजिन. मूळचं इंजिन नाही म्हणजे इतिहास नाही, हे मला अजिबात मान्य नाही. बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’ ही स्पीड सिक्स मॉडेलची शर्यतीची गाडी आठवा. तिने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल मॉन्सची शर्यत जिंकली. पुढे तिच्यात आठ लिटरचं इंजिन बसलं, १९३२ साली इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स या शर्यतीच्या ट्रॅकवरच्या अपघातात तिचा चालक क्लाइव्ह डनफी गेला, नंतर तिला नवी बॉडी मिळाली. १९९० साली तिचा सौदा ठरला आणि ही खरी गाडीच नव्हे म्हणून खरेदीदार मागे फिरला. प्रकरण इंग्लंडच्या न्यायालयात गेलं. जिंकलेल्या गाडीतले फार थोडे भाग तिच्यात उरलेत, हे तिथे समोर आलं. तरीही न्यायमूर्तींनी तिलाच खरी ओल्ड नंबर वन ठरवलं, कारण तिच्यातला प्रत्येक बदल एका अखंड आयुष्यात घडलेला होता आणि तो दाखवता येत होता. मूळ सुट्या भागांपेक्षा ती सलग साखळी जड भरली.

तुमच्या गाडीची साखळी तुम्ही अजून पाहिलेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास कितीतरी मोठ्या गाड्यांच्या रुग्णवाहिका झाल्या, शववाहिका झाल्या, सामानाच्या गाड्या झाल्या. अनेकींत तेव्हाच स्वस्तातलं किंवा सहज मिळणारं इंजिन बसलं. तुमच्या गाडीचं तसं काही असेल, तर तिला कोणत्या काळातल्या रूपात आणायचं हा खरा निर्णय आहे, आणि तो माहितीशिवाय घेता येणार नाही.

तेव्हा एक करा. बसवलेल्या इंजिनाचा स्वतःचा नंबर उतरवून घ्या. ते ज्या ब्रॅकेटवर बसलंय, ते ब्रॅकेट रिव्हेट केलेले आहेत की वेल्डिंग केलेले, ते नीट बघा. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावर, बुजवलेली भोकं आहेत का? चासीवरचा नंबर ग्राइंडरने उघडू नका. रंग काढायचं रसायन आणि मऊ ब्रश वापरा, मग अंधारात टॉर्च तिरका धरून फोटो काढा, उथळ ठसेही उठून दिसतात. दारांची आतली अस्तरं काढाल तेव्हा लाकूड जपून ठेवा. हे सगळे फोटो मला पाठवा. गाडीची बनावट कळली, की नोंदींसाठी त्या कंपनीच्या संग्रहाकडे लिहायचं की मालकांच्या क्लबकडे, ते आपण दोघं मिळून ठरवू.