टर्मरिकमध्ये आर किती?

सांगलीत हळद पिकते, सौद्यात विकते, नवरदेवाला लागते, 2018 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. ती अडते फक्त इंग्रजीत लिहायची वेळ आली की. पाकीट छापायला टाकायला गेलं की संगणकावरचा पोरगा विचारतो, ‘‘काका, टर्मरिकमध्ये आर किती?’’ मी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस. छातीठोकपणे सांगतो, ‘‘दोन.’’

त्यानं विचारावं हे बरोबरच आहे. टी, यू, आर, एम, ई, आर, आय, सी अशी आठ अक्षरं. पण पहिला आर बोलताना गळतो. एका शब्दात दोन र जवळ आले की इंग्रजी जीभ एकाला रजा देते. फेब्रुवारीतला पहिला असाच उडतो. अमेरिकेत पुष्कळ जण ‘टूमरिक’च म्हणतात आणि शब्दकोशांनी तेही मान्य केलंय. फोनवर ‘टूमरिक पाठवा’ म्हटलं की इकडे ‘ट्यूमर’ ऐकू येतं आणि घरभर बीपीच्या गोळ्यांची शोधाशोध सुरू होते. लिहिताना टर-मे-रिक असं तोडावं. पहिल्या तुकड्यात एक र, तिसऱ्यात एक. चूक होत नाही.

आता हा शब्द आला कुठून? पंधराव्या शतकात इंग्रजीत ‘टर्मराइट’सारखी रूपं दिसतात. ती लॅटिन ‘टेरा मेरिटा’वरून, म्हणजे ‘गुणी माती’वरून आली असावीत, असा कोशकारांचा अंदाज. दळलेली हळद रंगाच्या खनिज मातीसारखी दिसते म्हणून, म्हणे! आठ-नऊ महिने रानात सांभाळायची, काडी आरपार जाईपर्यंत काहिलीत शिजवायची, पंधरा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, ड्रममध्ये घोळवून पॉलिश करायची, आणि वर तिला म्हणायचं माती.

शास्त्रीय नावाची गंमत आणखी वेगळी. लिनियसनं 1753 मध्ये हळदीला ‘कुर्कुमा लाँगा’ म्हटलं. ‘कुर्कुमा’ अरबी ‘कुर्कुम’वरून आलंय, आणि तो शब्द केशरालाही चालतो. आपलं संस्कृत ‘कुंकुम’ म्हणजेही केशरच. पण कपाळावरचं कुंकू हळदीचं! हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे साबणानं डाग धुणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणजे नाव केशराचं, माल हळदीचा, वर चुना. भेसळ तपासणाऱ्यांनी इकडे बघू नये.

वापराच्या बाबतीत इंग्रजीचा हात आखडता. आपल्याकडे गड्डा वेगळा, हळकुंड वेगळं. तिकडे सगळं टर्मरिक. मग व्यापारी गड्ड्याला ‘बल्ब’ आणि हळकुंडाला ‘फिंगर’ म्हणतात. ‘पन्नास किलो फिंगर पाठवा’ हे वाक्य पोलिसांच्या कानी न पडलेलं बरं. दुकानात तिला ‘रूट’ म्हणतात, खरं तर ते जमिनीतलं खोड आहे. आंबेहळद तर इंग्रजीत ‘मँगो जिंजर’, म्हणजे हळदीचं नावच गायब आणि मध्ये आलं घुसलेलं. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी ‘हळदीला या’ हे आमंत्रण? ‘टर्मरिकला या’ म्हटलं तर कोण येईल? आला तर पिशवी घेऊन येईल.

असो. पाच हजार पाकिटं छापून आली. आर मोजले. दोनच होते, अगदी सांगितल्याप्रमाणे. टी, यू, एम, ई, आणि मग शेजारीशेजारी दोन्ही आर.