'दोन्ही पासपोर्ट ठेवा' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला चार ग्रुपांवर आला. एकदा मंडळाच्या, एकदा शाळेच्या जुन्या वर्गाच्या, दोनदा नातेवाइकांच्या. खाली 'सर्व मराठी बांधवांपर्यंत पोहोचवा' असं लिहिलंय, त्यामुळे तो पोहोचतच राहतो. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला मान्यता दिली आहे, तेव्हा तीन वर्षांत जर्मन नागरिकत्व घ्या आणि भारतीय पासपोर्टही ठेवा. मुदत आहे तोवर तो चालतो. वकिलातीला कळवलं नाही तर कुणाला कळत नाही. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते कार्ड) म्हणजे भारत सरकारनेच दिलेलं दुहेरी नागरिकत्व. गोव्यातले लोक वर्षानुवर्षं दोन पासपोर्ट बाळगून आहेत. मुलांचे तर दोन्ही काढाच. आणि भारतीय पासपोर्ट सोडलात तर गावाकडची शेती गेली म्हणून समजा.

मी श्टुटगार्टमध्ये तेरा वर्षं राहते. वकील नाही. मंडळात लोकांचे फॉर्म भरून देणारी जी एक बाई असते, ती मी. त्यामुळे हे कागद बऱ्याचदा हाताखालून गेलेत.

आधी खरं तेवढं मान्य करते. २७ जून २०२४ पासून जर्मनीत नवा नागरिकत्व कायदा लागू आहे. जर्मन होण्यासाठी आधीचं नागरिकत्व सोडा ही अट त्याने काढून टाकली आणि वास्तव्याची अट आठ वर्षांवरून पाचवर आणली. 'तीन वर्षांत' हे मात्र शिळं झालं. विशेष गुणवत्ता दाखवणाऱ्यांसाठी तसा झटपट मार्ग होता, तो ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाला.

मग अडतं कुठे? लग्नाला जसा दोन्ही घरचा होकार लागतो तसंच हे आहे. जर्मनीने म्हटलं, तुझं जुनं नातं असू दे, आमची हरकत नाही. भारताने असं कधीच म्हटलेलं नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ मधलं कलम ९ सांगतं की भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की ते घेताक्षणी त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदाचा सूरही हाच आहे. संपण्यासाठी अर्ज लागत नाही, सही लागत नाही, कुणा अधिकाऱ्याचा आदेशही लागत नाही. जर्मनीत नागरिकत्व मिळतं ते 'उरकुंडे', म्हणजे सनद, हातात पडते तेव्हा. २५५ युरो भरलेले असतात, आपण घटनेशी बांधिलकीचं वाक्य उभं राहून म्हणतो, कुणीतरी फोटो काढतं. त्याच मिनिटाला आपण भारतीय नागरिक राहिलेलो नसतो. पर्समधला निळा पासपोर्ट २०३१ पर्यंतचा असेना का.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याची मूळ चूक इथे आहे असं मला वाटतं. पासपोर्ट वकिलातीत परत केला की नागरिकत्व जातं, असं त्याने धरलंय. म्हणून 'परत करू नका' हा त्याला तोडगा वाटतो. प्रत्यक्षात पासपोर्ट परत करणं ही नंतरची नोंद आहे. माणूस गेल्यावर दाखला काढतात, दाखला न काढल्याने माणूस जिवंत राहत नाही. (उपमा जरा अभद्र आहे, पण सरेंडर सर्टिफिकेटचं, म्हणजे पासपोर्ट परत केल्याच्या दाखल्याचं, काम नेमकं तेच.)

आमच्या मजल्यावरच्या तुर्की शेजारणीने २०२४ मध्येच अर्ज केला आणि आज तिच्याकडे दोन्ही पासपोर्ट रीतसर आहेत. तुर्कस्तानाला ते चालतं. या देशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या तुर्की कुटुंबांसाठी हा बदल खरोखर मोठा होता. आपल्या लोकांनी त्यांचे पेढे पाहिले आणि आपल्याही घरी बारसं आहे असं समजले. भारतीयांच्या बाबतीत कलम ९ त्या कायद्याच्या आधीही होतं, नंतरही आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन या देशांनाही दुसऱ्या पासपोर्टचं वावडं नाही, तरी तिथले मराठी लोक नागरिकत्व घेताना भारतीय पासपोर्ट सोडतातच. भारतीय नागरिकत्व सोडणाऱ्यांचा आकडा सरकार संसदेत सांगतं: २०२२ मध्ये २,२५,६२० आणि २०२३ मध्ये २,१६,२१९. दोन्ही ठेवता आले असते तर एवढ्या लोकांनी सोडले असते का?

आता 'कुणाला कळत नाही'. यावर जरा थांबते, कारण लोक फसतात ते इथेच.

कायद्यापुरतं सांगायचं तर दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेणं हाच त्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा, असा नियम आहे आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने इझहार अहमद खान खटल्यात तो वैध ठरवला. भारतीय नागरिक नसताना ते लपवून भारतीय पासपोर्टसाठी अर्ज केला किंवा तो मिळवला, तर पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ नुसार किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षं कैद, शिवाय दहा ते पन्नास हजार रुपये दंड. म्हणजे मुदत संपल्यावर 'गुपचूप नूतनीकरण' करण्याचा सल्ला हा थेट गुन्ह्याचा सल्ला आहे.

पण कायदा बाजूला ठेवा, विमानतळावर चला. जर्मन झालात की तुमचं वास्तव्याचं कार्ड कार्यालय काढून घेतं. भारतीय पासपोर्टवर मुंबईत उतरलात, चार आठवडे आंबे खाल्ले, परत निघालात. सहारच्या काउंटरवर विमान कंपनीचा माणूस विचारणार, जर्मनीचा व्हिसा किंवा कार्ड? ते नाही. मग तुम्ही जर्मन पासपोर्ट पुढे करणार. त्यात भारताचा व्हिसा नाही, प्रवेशाचा शिक्का नाही. मग इमिग्रेशनचा अधिकारी विचारणार, तुम्ही देशात आलात कसे? या प्रश्नाला फॉरवर्डमध्ये उत्तर नाही. त्याचा लेखक त्या रांगेत तुमच्या शेजारी उभा नसतो.

गोव्याचा दाखला तर उलटाच लागू पडतो. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्याआधी गोवा, दमण आणि दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगाल आपले नागरिक मानायला तयार असतो, जन्माची नोंद लिस्बनला झाली की. नुसत्या त्या नोंदीने भारतीय नागरिकत्व जातं का, यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद चाललाय, निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींच्या पात्रतेपर्यंत तो गेलाय. पोर्तुगीज पासपोर्ट हातात घेतल्यावर मात्र वादाला फारशी जागा उरत नाही. ज्यांनी तो घेऊनही भारतीय पासपोर्ट वापरणं चालू ठेवलं, त्यांच्यापैकी अनेकांचे भारतीय पासपोर्ट सरकारने रद्द केले. रद्द झालेल्याला सरेंडर सर्टिफिकेट मिळेना आणि त्याशिवाय ओसीआय मिळेना. घर मडगावला, पण राहायचं परक्यासारखं, अशी अवस्था. २०२४ मध्ये पासपोर्ट रद्द केल्याचा दाखलाही ओसीआयसाठी चालेल असं ठरलं, तेव्हा कुठे वाट निघाली. फॉरवर्ड ज्यांना आदर्श म्हणून दाखवतो, ते याच सल्ल्याने पोळलेले लोक आहेत.

ओसीआयबद्दलचा गोंधळ मात्र समजण्यासारखा आहे. त्याला सरकारी नावच जबाबदार. सिंघवी समितीने परदेशस्थ भारतीयांबद्दल अहवाल दिला, जानेवारी २००३ मध्ये पहिल्या प्रवासी भारतीय दिवसाला पंतप्रधान वाजपेयींनी दुहेरी नागरिकत्वाची घोषणा केली, वर्तमानपत्रांनीही तेच मथळे दिले. कायद्यात उतरेपर्यंत त्याचं जे झालं ते 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', आणि जानेवारी २००६ पासून हैदराबादहून कार्डवाटप सुरू झालं. नावात सिटिझन आहे, हातात नागरिकत्व नाही. २०१५ मध्ये सरकारनेच दुरुस्ती करून 'कार्डहोल्डर' हा शब्द जोडला. कायद्याच्या नजरेत ओसीआयधारक परदेशी नागरिकच. त्याला आजन्म, कितीही वेळा येण्याचा व्हिसा असतो आणि कितीही दिवस राहिलं तरी पोलिसांकडे नोंदणी करावी लागत नाही.

ही सोय लहान नाही. पुण्यात फ्लॅट घेता येतो, खासगी नोकरी करता येते, आईच्या आजारपणात सहा महिने राहता येतं. पण मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही, घटनात्मक पद नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार, गिर्यारोहण यांसाठी विशेष परवानगी घ्यावी लागते. मुलांना नीट, जेईईतून प्रवेश हवा असेल तर अनिवासी भारतीयांच्या जागांवरच. अटी मोडल्या तर कार्ड रद्दही होतं. जन्माने नागरिक असलेल्याला असं कुणी घालवू शकत नाही.

आणि मतदार यादीतलं नाव? ते आपोआप कटत नाही, म्हणून लोकांना वाटतं हक्क शिल्लक आहे. नाव काढण्याचा फॉर्म ७ असतो, तो भरा. मागच्या निवडणुकीला 'बोटाला शाई' म्हणून फोटो टाकणाऱ्यांपैकी एकाची सनद त्याच्या आदल्या वर्षीची होती. मी कमेंट केली नाही, पण पोटात गोळा आला.

शेतीचा मुद्दा सगळ्यात जास्त घाबरवतो, आणि तोच सगळ्यात चुकीचा आहे. परकीय चलनाच्या नियमांनुसार परदेशी राहणाऱ्याला शेतजमीन, फार्महाऊस, मळा विकत घेता येत नाही. हे बंधन ओसीआयधारकाला आहे तसंच भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयालाही आहे! म्हणजे 'मुळशीत एकर घ्यायचाय म्हणून निळा पासपोर्ट ठेवतो' हे गणित मुळातच चुकतं. आज जर्मनीत राहून, भारतीय पासपोर्टवर, मलाही तो एकर घेता येणार नाही. शिवाय महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यावर कूळकायद्याच्या कलम ६३ ची अडकाठी आहेच, ती वेगळी.

जी जमीन आधीच आहे तिचं काय? भारतात राहत असताना घेतलेली, किंवा भारतात राहणाऱ्या आईवडिलांकडून वारसाने आलेली जमीन नागरिकत्व बदललं तरी तुमचीच राहते. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागतं, फेरफार होतो. विकायची झाली तर शेतजमीन भारतात राहणाऱ्यालाच विकावी लागते, दुसऱ्या ओसीआयधारक चुलतभावाला नाही. अडचणी येतात त्या निराळ्या. तलाठ्याला ओसीआय कार्ड म्हणजे काय ते समजावणं, आधार कार्डावरचं नाव आणि जर्मन पासपोर्टावरचं नाव जुळवणं, दोन बहिणींच्या सह्या एका दिवशी मिळवणं. त्यात तुमचा वेळ जाईल, जमीन जाणार नाही. 'पासपोर्ट सोडलास म्हणून तुझा हिस्सा गेला' असं कुणी भाऊबंद म्हणत असेल, तर ते त्याच्या सोयीचं आहे, कायद्याचं नाही.

मुलांच्या बाबतीत अर्धं सत्य आहे. आईवडील दोघं भारतीय, त्यातल्या एकाचं इथे पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य आणि कायम राहण्याचा हक्क, अशा घरी जर्मनीत जन्मलेलं मूल जन्मतःच जर्मन होतं. तेच मूल वंशाने भारतीयही होऊ शकतं, वकिलातीत वर्षाच्या आत नोंद केली तर. पण त्या नोंदणीच्या वेळी आईवडिलांना लिहून द्यावं लागतं की मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. म्हणून 'दोन्ही काढाच' हा सल्ला म्हणजे खोटं लिहून द्या, असा सल्ला. दोन्ही नागरिकत्वं असलेलं मूल अठरा वर्षांचं झालं की त्याने सहा महिन्यांच्या आत दुसरं सोडायचं असतं, नाहीतर भारतीय नागरिकत्व जातं. आबिटुअरच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, परीक्षेच्या धामधुमीत ही तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही.

परतीची वाट बंद नाही, हेही सांगायला हवं. ओसीआय घेऊन पाच वर्षं झाली आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलं, तर पुन्हा भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. तेव्हा जर्मन सोडावं लागतं.

मी स्वतः अजून अर्ज केलेला नाही. दर वर्षी करू म्हणते. नवरा चार वर्षांपूर्वी जर्मन झाला. विमानतळावर आम्ही वेगवेगळ्या रांगांत उभे राहतो, इथे तो लवकर सुटतो, मुंबईत मी. चिडवाचिडवी चालते. त्याला मत देता येतं श्टुटगार्टमध्ये, मला ठाण्यात, तेही तिकीट काढून स्वतः केंद्रावर गेले तर. कुणी काय निवडावं हे मी सांगणार नाही, ज्याचं त्याला कळतं. निवडायचंच नाही, दोन्ही तसंच चालवायचं, एवढी सोय मात्र आपल्याला नाही.

ज्यांची सनद येत्या महिन्यांत हातात पडणार आहे त्यांच्यासाठी क्रम सांगते. सनद, मग जर्मन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट, मग ओसीआय. यात आठवडे जातात, कधी महिने. कार्ड येईपर्यंत भारतात जायचं तर जर्मन पासपोर्टवर व्हिसा काढून. तेव्हा भाच्याच्या डिसेंबरमधल्या लग्नाची तिकिटं काढून ठेवली असतील आणि सनदेचं बोलावणं नोव्हेंबरचं आलं असेल, तर त्या कार्यालयाला फोन करा आणि जानेवारीची तारीख मागून बघा.